सेकंड लाईफमधली बैठक आणि उशिरा पोचणारी दाद

गोदाकाठची

शनिवारी सकाळी साडेसहाला मी अहिर भैरव गात होते आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. खोलीचं दार बंद, दारावर आतून रजई टांगलेली, तरी शिट्टी माइकात शिरलीच. मी तशीच पुढे गेले. कोमल रिषभावरून उतरून सम (तालाची पहिली मात्रा) गाठली, पुढचं आवर्तन धरलं, त्यातही निम्म्यावर आले, तेव्हा कुठे पडद्यावर एका बाईंचा प्रश्न उमटला, "आत्ता बासरी वाजली का? फार गोड."

त्या बाई टेक्सासात बसल्या होत्या. त्यांच्याकडे शुक्रवारची रात्र, माझ्याकडे शनिवारची सकाळ, आणि आम्ही दोघी होतो सेकंड लाईफमधल्या एका तळ्याकाठच्या लाकडी मांडवात. माझी बाहुली (म्हणजे त्या जगातलं माझं रूप) मांडी घालून गात होती, त्यांची बाहुली डोळे मिटून डोलत होती. ऐकायला एकूण तेवीस जण. त्यातला एक नेदरलँड्सचा, त्याच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. सेकंड लाईफ हे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने जून २००३ मध्ये सुरू केलेलं आभासी जग. खेळ म्हणावा तर यात जिंकण्यासारखं काही नाही. जमीन भाड्याने घ्या, घर बांधा, कपडे तयार करून विका, नाचा, भांडा. आणि रोज कुठे ना कुठे कोणीतरी खरोखर, त्या क्षणी, आपापल्या घरात बसून गात असतं. बहुतेक गिटारवाले. २०२० साली माझे गाण्याचे वर्ग बंद पडले तेव्हा पोर्टलंडच्या मावसबहिणीने मला तिथे ओढलं, तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा गाते.

गाणं पोचतं कसं, हे मला समजायला सहा महिने लागले. माझा आवाज त्या जगातून जातच नाही. माइक, ऑडिओ इंटरफेस, संगणक, तिथून एका भाड्याच्या शाउटकास्ट सर्व्हरवर. जमिनीच्या मालकाने त्या तुकड्याच्या साउंडच्या रकान्यात त्या सर्व्हरचा पत्ता भरायचा, म्हणजे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा संगणक तो आवाज स्वतंत्रपणे ओढतो. एखादं इंटरनेट रेडिओ स्टेशन मांडवाला बांधून ठेवावं, तसं. रेडिओ आला की साठवण आली. पाणी टाकीत चढल्याशिवाय नळाला येत नाही. माझ्याकडे हा उशीर साधारण वीस ते पंचवीस सेकंदांचा असतो, आणि प्रत्येकाची टाकी वेगळी, म्हणून टाळ्यासुद्धा एकदम पडत नाहीत. वळवाच्या थेंबांसारखा एक इथे, दोन तिथे.

सगळ्यात जड गेलं ते हेच. आपल्याकडे समेवर आलं की समोरची मान हलते, कोणीतरी "क्या बात है" म्हणतं, आणि त्यावर पुढचं आवर्तन उभं राहतं. इथे समेवर यावं तर शांतता. आणि आपण पुढे एखादी जागा चुकवावी, नेमकी त्याच वेळी मागच्या समेची दाद येऊन आदळावी! पहिल्या महिन्यात मला वाटायचं की चुकलेल्या जागांनाच लोक "वा वा" करतायत. आता दोन गोष्टी करते. गाताना चॅटकडे बघतच नाही. आणि बंदिश संपली की लगेच बोलत नाही. तानपुरा चालू ठेवते आणि मनात तीस मोजते. तोवर दाद येऊन पोचते, मग नावं वाचून एकेकाचे आभार.

आमच्या मांडवाच्या यजमानीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत, अमेरिकेतल्या. त्या नसत्या तर मी दुसऱ्याच महिन्यात सोडून दिलं असतं. येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारतात, रागाची दोन ओळींची माहिती टाकतात (मी आदल्या दिवशी नोटकार्डवर, म्हणजे तिथल्या चिठ्ठीवर, लिहून देते), नवख्याला "तुमच्या खालच्या पट्टीतलं संगीताचं बटण दाबा" असं न कंटाळता सांगतात. गायकाच्या टिपजारची (बक्षिशीच्या बरणीची) आठवण करतात, स्वतःच्या मांडवाच्या जारची करायची विसरतात.

आता मला स्वतःच एक बैठक भरवायची आहे. महिन्यातून एकदा, आपलं संगीत, मराठी निवेदन, इंग्रजीत दोन ओळी. इथे कोणी यजमानकी केली आहे का? आणि मुख्य म्हणजे, मोबाईलमधल्या तबल्याला मी कंटाळले आहे. माणूस हवा. माणूस पुण्यात आणि मी नाशकात, असं जमतं का?


मिसळखाऊ

धागा छान, कुकर तर फारच छान. पण ताई, खरं सांगू का, सेकंड लाईफ अजून जिवंत आहे हेच मला आज कळलं. यूट्यूब लाइव्ह, झूम, फेसबुक असताना बाहुल्या कशाला नाचवायच्या? उपहास नाही, खरंच विचारतोय.


गोदाकाठची

झूमवर करून पाहिलं हो. झूमला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते. सतत चालणारा एकसुरी आवाज दिसला की तो गोंगाट समजून पुसून टाकतं. एकदा माझ्या विद्यार्थिनीला अर्धा तास तानपुराच ऐकू आला नव्हता आणि बिचारी सांगायला लाजत होती. "ओरिजिनल साउंड" सुरू केलं की सुधारतं, पण ते प्रत्येक वेळी आठवणीने करावं लागतं.

यूट्यूबवर आकडा दिसतो, माणूस दिसत नाही. इथे कोणीतरी उठून येतं, सतरंजीवर बसतं, शेजारणीशी कुजबुजतं, उशिरा आलेला मागच्या खांबाशी उभा राहतो. त्या बाहुल्याच आहेत, मला मान्य. पण एकदा एक बाहुली सबंध बडा ख्याल माझ्यासमोर बसून होती, आणि नंतर त्या माणसाने लिहिलं की तो अंथरुणाला खिळलेला आहे, गेली कित्येक वर्षं प्रत्यक्ष मैफिलीला गेलेला नाही. यूट्यूबवर तो मला भेटलाच नसता.


बिनतारी

ध्वनिमुद्रणाचं काम करतो (ठाणे), म्हणून दोन शब्द.

सेकंड लाईफचं स्वतःचं व्हॉइस चॅट गाण्यासाठी वापरूच नका. ते बोलण्यासाठी आहे. शाउटकास्टचा स्ट्रीमच हवा. पाठवायला बट नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. नावाला हसू नका, काम चोख करतं. एमपी३, १२८ केबीपीएस, स्टिरिओ. त्याहून वर गेल्याने ऐकणाऱ्याला फारसा फरक पडत नाही आणि अडकण्याची शक्यता वाढते. तुमच्या घरून एकच धागा वर जातो, चाळीस जणांना वाटायचं काम सर्व्हर करतो. म्हणून घरची अपलोड गती फार लागत नाही, पण ती स्थिर लागते. वायफाय नको, केबल जोडा.

सगळ्यात मोठी चूक सांगतो. गाणाऱ्याने त्या जगातलं संगीताचं बटण बंद ठेवायचं. नाहीतर वीस सेकंदांपूर्वीचे तुम्हीच तुमच्या कानात गायला लागता, आणि उघड्या स्पीकरवर असाल तर तेच पुन्हा माइकात. मी एकाला असं स्वतःशीच जुगलबंदी करताना ऐकलंय. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा त्याला कळलं.

राउटरला छोटा यूपीएस लावाच. आपल्याकडे वीज जाते ती दोन सेकंदांसाठी जाते, पण राउटर उठायला दोन मिनिटं घेतो. नंतर "आवाज येतोय का" विचारायला जावं तर मांडव रिकामा.


गोदाकाठची

बटणाचं अगदी खरं. माझ्या पहिल्या कार्यक्रमात झालंय. मला वाटलं दुसरीच कोणी बाई गातेय आणि माझ्यापेक्षा बरी गातेय.


जुनाजाणता

मी २००६ पासून तिथे आहे. गाता येत नाही, ऐकतो.

मिसळखाऊ, "अजून जिवंत आहे का" हा प्रश्न मी अठरा वर्षं ऐकतोय. २००६-०७ मध्ये सगळ्यांनाच तिथे जायचं होतं. ऑगस्ट २००६ मध्ये गायिका सुझान वेगा यांनी एका अमेरिकी रेडिओ कार्यक्रमासाठी तिथे बाहुलीच्या रूपात गाणं केलं, त्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली. सप्टेंबर २००७ मध्ये रॉयल लिव्हरपूल फिलहार्मॉनिकने आपली मैफल तिथे नेली. खऱ्या सभागृहाची आभासी प्रतिकृती उभी केली आणि खरा वाद्यवृंद लिव्हरपुलात वाजवत असताना आत बाहुल्या खुर्च्यांवर बसून ऐकत होत्या. मोठमोठ्या कंपन्यांनी बेटं घेतली, दुकानं उघडली आणि दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळला. वर्तमानपत्रांच्या लेखी जग तिथेच संपलं. राहिले ते गिटारवाले, त्यांच्या यजमानिणी आणि आमच्यासारखे ऐकणारे.

नंतर मेटाव्हर्सची, म्हणजे अशाच आभासी जगांची, लाट आली. एप्रिल २०२० मध्ये फोर्टनाइट या ऑनलाइन खेळात रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमाला एका वेळी १ कोटी २३ लाख लोक हजर होते. आपल्याकडे दलेर मेहंदींनी २६ जानेवारी २०२२ ला पार्टीनाइट या भारतीय मेटाव्हर्सवर केला. पण फोर्टनाइटचं ते आधी तयार करून ठेवलेलं चलच्चित्र होतं हो, आतषबाजी. कुकर वाजला असता तर त्यांनी काढून टाकला असता. एक कोटी लोकांत कोणीही "आत्ता बासरी वाजली का" असं विचारू शकलं नाही. इथे एका प्रदेशात शंभर माणसं आली तर जग रांगायला लागतं, आणि त्यामुळेच गाणाऱ्याला तुमचं नाव माहीत असतं.


कॅलगरीकर

गोदाताई, यजमानकी मी करते, चार वर्षं झाली. आमच्या मांडवात फोक, जॅझ, अधूनमधून फ्लॅमेंको. आपलं संगीत अजून नाही, त्यामुळे धागा बघून आनंद झाला.

जमिनीचं आधी बघा. सबंध प्रदेश म्हणजे २५६ बाय २५६ मीटर. स्वतःचा घेतलात तर महिन्याला दोनशे डॉलरच्या वर जातो, म्हणून घेऊ नका. स्वस्तातलं होमस्टेड घेतलंत तर त्यात वीसच माणसं मावतात, यजमान आणि गायक धरून. कोणाच्या तरी मोठ्या प्रदेशातला तुकडा भाड्याने घ्या. पण शेजार बघून. शेजारी डिस्को असेल तर त्याची गर्दी तुमच्या शंभरात मोजली जाते, आणि तुमचे श्रोते दाराबाहेर अडकतात.

मांडव छोटा ठेवा. साधं चॅट वीस मीटरपर्यंतच पोचतं. मी हौसेने मोठं अँफिथिएटर बांधलं होतं. शेवटच्या रांगेतल्यांना ना माझं स्वागत दिसायचं ना त्यांची दाद गायकाला. ते पाडलं आणि अंगण केलं.

आता स्ट्रीम बदलणारी पेटी. एका संध्याकाळी तीन गायक असले तर दर तासाला पत्ता बदलावा लागतो. त्यासाठी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) घातलेली वस्तू मिळते, टिचकी मारा, यादीतून नाव निवडा. पण ती वस्तू जमिनीच्या मालकाच्या नावावर असेल तरच चालते. जमीन ग्रुपच्या नावावर असेल तर वस्तूही ग्रुपच्या नावे करून द्यावी लागते. हे मला माहीत नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी मी पेटीला टिचक्या मारतेय, गायक बिचारा गातोय, आणि मांडवात मात्र आधीच्या डीजेचा रेगे वाजतोय. वर मी चॅटमध्ये लिहितेय, "काय सुंदर आवाज!" कारण मला वाटलं फक्त माझ्याचकडे बिघडलंय. बारा मिनिटं हे चाललं होतं.

पत्ता बदलला तरी काहींच्या संगणकात जुनाच स्ट्रीम अडकून राहतो. "संगीत एकदा बंद करून पुन्हा चालू करा" हे वाक्य तयार ठेवा, प्रत्येक गायकाच्या सुरुवातीला टाकायचं. आणि लोकांना अंगावरच्या स्क्रिप्टा कमी करायला सांगा, त्यांनीही जग रांगायला लागतं. कोणी येतं ते डोक्यावर कारंजं घेऊन. पण नीट सांगा. एकदा मी जरा तोडून बोलले, तर बाई कारंज्यासकट निघून गेल्या आणि त्यांच्यामागून आठ जण.


शंकेखोर

पैशाचं कोणी बोलत नाहीये. मिळतं का काही? की नुसती हौस?


कॅलगरीकर

तिथलं चलन लिंडन डॉलर, साधारण अडीचशे लिंडन डॉलरचा एक अमेरिकी डॉलर होतो. आमच्याकडे तासाला तीन हजारांपर्यंत मानधन देते, म्हणजे बारा डॉलर. वर टिपा वेगळ्या. मांडवाच्या जारमधून त्यातलं निम्मं सुटलं तर तो महिना चांगला. बाकी माझ्या खिशातून. नवरा याला माझं "भजनी मंडळ" म्हणतो आणि गणपतीची वर्गणी द्यावी तसे पैसे देतो.

एक कडू अनुभव आहे. एक गायक महिनाभर सुरेख गायचा. एके दिवशी गाणं चालू असताना त्याने चॅटमध्ये लांबलचक उत्तर टाइप केलं, आणि आवाज काही थांबला नाही. दोन्ही हातांनी गिटार वाजत होतं! मुद्रित वाजवत होता. मी काही बोलले नाही, पुढची तारीख दिली नाही इतकंच. कराओके ट्रॅकवर गाणं इथे सर्रास चालतं आणि त्यात काही गैर नाही, गळा तेवढा त्या क्षणीचा हवा. लोक उशीर सहन करतात, अडखळणं सहन करतात, पण हे नाही.


गोदाकाठची

मला आजवर सगळे मिळून जे मिळालं त्यात एक बरा माइक आला. तोही अर्धा. भारतात पैसे आणायचे तर ओळखपत्र पडताळणी, पेपाल, मग बँक, प्रत्येक ठिकाणी थोडं गळतं. मी आता तिथलं तिथेच खर्च करते. गेल्या महिन्यात बाहुलीला नऊवारी घेतली. काष्टा उलटा आहे, पण तिथल्या शिंप्याला कोण सांगणार.


नाना_ठेका

नमस्कार. सांगलीचा, सध्या मुक्काम पुणे. पस्तीस वर्षं साथ करतोय. संगणकातलं मला फार कळत नाही, पण टाळेबंदीत नातवाने माझ्यावर सगळे प्रयोग केले. त्यातलं सांगतो.

आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे गायक माझ्यापासून दहा मीटरवर बसला तर त्याचा सूर मला तीस मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तेवढं आम्ही रंगमंचावर सांभाळतोच. त्याच्या पुढे गेलं की लय ओढल्यासारखी वाटायला लागते. मी तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही माझ्यासाठी, आणि द्रुत बघता बघता मध्यलय होते. नाशिक-पुणे दोन्हीकडे फायबर आणि केबल असेल तर सोनोबस किंवा जॅम्युलस (लांबच्या वादकांना जोडणारी सॉफ्टवेअर) लावून त्या तिशीच्या आसपास राहता येतं. अमेरिकेशी नाही. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर धरा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. एका बाजूचेच पासष्ट-सत्तर मिलिसेकंद झाले, यंत्रांचा वेळ वेगळाच. तिथे कोणाचीच मात्रा चालत नाही.

एकत्र करायची जागा मात्र तुमच्याकडे ठेवा, माझ्याकडे नाही. म्हणजे असं की मी ठेका पाठवायचा, तो तुम्हाला ऐकू येईल त्यावर तुम्ही गायचं आणि दोन्ही मिसळून तुमच्या घरून सर्व्हरवर द्यायचं. ऐकणाऱ्याला अगदी जुळून ऐकू येईल. उशीर फक्त मला, कारण तुमचा सूर माझ्याकडे जाऊन-येऊन दुपटीने मागे पडलेला असणार. म्हणून मी तुमच्या मागे जायचं नाही. ख्यालात तबला गायकाच्या मागे चालतो, इथे उलटं. मी घड्याळासारखा ठेका धरायचा आणि तुम्ही त्यावर बसायचं. माझ्यासारख्या माणसाला हे अवघड आहे. पस्तीस वर्षं कान पुढे करून बसलोय, आता कान बंद करून वाजवायचं.


अर्धवट_तान

नाना, निनजॅम या तसल्याच सॉफ्टवेअरबद्दल काय मत? त्यात म्हणे सगळे मुद्दाम एक अख्खं आवर्तन उशिरा ऐकतात.


नाना_ठेका

वाजवलंय. मला आवडलं! त्यात आधीच ठरवायचं की किती मात्रांचा फेरा. सोळा ठेवा, झाला त्रिताल. बारा ठेवा, एकताल. दुसऱ्याने मागच्या फेऱ्यात वाजवलेलं तुम्हाला या फेऱ्यात ऐकू येतं, सम समेवरच पडते. ज्याने कोणी केलं त्याने आपला ताल न शिकता आवर्तनाची कल्पना बरोब्बर पकडली. लेहऱ्याच्या धुनेवर तबल्याचा कायदा वाजवायला झकास. पण सवाल-जवाब केलात तर सवाल मंगळवारचा आणि जवाब बुधवारचा. आणि अतिविलंबिताला नाही, तिथे आवर्तनच मिनिटभराचं, एकमेकांना मिनिटभर शिळं ऐकायचं.


मिसळखाऊ

एक बाळबोध शंका. गोदाताई सकाळी साडेसहाला अहिर भैरव गातात हे ठीक. पण ऐकणाऱ्यांकडे संध्याकाळ. मग रागाची वेळ कोणाची धरायची? गाणाऱ्याची की ऐकणाऱ्याची?


गोदाकाठची

अहो, यावर माझा आणि माझ्या गुरुभगिनीचा अबोला झालाय. ती म्हणते श्रोत्याची. मी म्हणते, गळा माझा आहे आणि तो सकाळी उठलाय, त्याला संध्याकाळच्या यमनाचा तीव्र मध्यम साडेसहाला कसा सुचणार?


जुनाजाणता

यात तिसरं घड्याळ राहिलं. सेकंड लाईफचा मूळ दिवस चार तासांचा असतो. तीन तास उजेड, एक तास रात्र. आठ प्रहर पाडा आता. दिवसाचे चार प्रहर पाऊण-पाऊण तासाचे, रात्रीचे पंधरा-पंधरा मिनिटांचे. रात्रीचा मालकंस गायला बसलात तर आलाप संपेपर्यंत उजाडायचं.


नाना_ठेका

हा हा. तबलजीची सोय झाली. विलंबित लवकर आटपेल.


कॅलगरीकर

मालकाला सूर्य हवा तिथे अडकवून ठेवता येतो. आमच्याकडे कायम सूर्यास्त असतो, त्या उजेडात सगळे बरे दिसतात. गोदाताईंच्या बैठकीला मी पहाट लावून देईन, तळ्यावर जरासं धुकं. ऐकणारे घरी जेवून आलेले असोत. आत शिरले की पहाट.


अर्धवट_तान

हे मला पटलं. जिथे बसून ऐकतोय तिथली वेळ.

ताई, एक विचारायचं होतं. मुद्रण यूट्यूबवर टाकता का? आणि सिनेमातली गाणी गाता का तिथे?


गोदाकाठची

नाही. पारंपरिक बंदिशी आणि संतांचे अभंगच गाते. अभंगाच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही, पण प्रसिद्ध चालीवर असतो, म्हणून चालीही स्वतःच्या किंवा वारकरी परंपरेतल्या. एकदा आमच्या यजमानीणबाईंनी विचारलं, अभंग कुणाला उद्देशून आहे? मी लिहिलं, विठ्ठलाला, तो अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. तर एकाने गंभीरपणे विचारलं, "बसायला पोझबॉल नव्हता का?" (पोझबॉल म्हणजे टिचकी मारली की बाहुलीला बसवणारा गोळा.)

नाना, तुम्ही येता का? या रविवारी नुसती चाचणी. मांडव कॅलगरीताईंचा.


नाना_ठेका

येतो. नातू लागेल. बाहुली साधी द्या, कारंजं नको.


गोदाकाठची

झाली चाचणी. वृत्तांत देते, मग झोपते.

सोनोबस वीस मिनिटांत जुळलं. नानांच्या बाहुलीला तबला वाजवायची हालचाल मिळेना, म्हणून कॅलगरीताईंनी बोंगोची लावली, आणि हात डग्ग्याच्या वितभर वर हवेत पडत होते. नाना म्हणाले, "माझ्या पहिल्या गुरूंना असाच दिसायचो." कॅलगरीताईंनी पहाट लावली होती. अकरा जण आले, त्यात आमच्या यजमानीणबाई आणि नेदरलँड्सवाला.

राग बैरागी घेतला, मध्यलय त्रिताल. पहिली पाच मिनिटं नाना सवयीने माझ्यामागे यायला लागले आणि लय मंदावायला लागली. मी गाताना हाताने खूण केली, जी अर्थातच त्यांना दिसणार नव्हती. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं असावं. ठेका एकदम ताठ झाला, आणि मला इतक्या वर्षांत प्रथमच तिथे पाठीमागे कोणीतरी असल्यासारखं वाटलं. मोबाईलचा तबला चुकत नाही. नाना दोनदा किंचित पुढे गेले, आणि त्या दोन्ही वेळा गाणं वर गेलं.

शेवटी त्यांनी तिहाई घेतली, तिसरा धा नेमका समेवर. मी थांबले. तानपुरा चालू. नेहमीप्रमाणे मी मनात मोजायला लागले. सात-आठ झाले असतील, कानात नानांचा आवाज, "काय हो, तुटलं का सगळं?" मी म्हटलं, नाही नाना, थांबा. "मग गप्प का सगळे?" थांबा म्हटलं ना. बारा, तेरा. त्यांनी डग्ग्यावर हळूच एक घुमारा काढला, आपण बंद माइक तपासतो तसा. एकोणीसला पहिली टाळी आली, टेक्सासच्या बाईंची. मग एकेक. नाना वाचत होते, नातू मराठीत सांगत होता. तो नेदरलँड्सवाला सगळ्यात शेवटी, "तो शेवटचा धा!" एवढंच.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो घुमारा पण त्यांना ऐकू गेला असेल का आता?" आणि तेवढ्यात चॅटमध्ये प्रश्न आलाच, हे शेवटचं काय होतं म्हणून.


बिनतारी

म्युट बटण, नाना. म्युट बटण.


मिसळखाऊ

मी आलो होतो. मागच्या खांबाशी उभा होतो तो टकला माणूस मी. कपडे कसे बदलायचे ते कळलं नाही. पुढची तारीख टाका.


गोदाकाठची

अय्या, तुम्ही होतात होय! पुढची दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आपल्या सकाळी साडेसहाला, म्हणजे सेकंड लाईफच्या घड्याळात शुक्रवारी संध्याकाळी सहा. ते घड्याळ कॅलिफोर्नियाचं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते तासभर मागे जातं, त्यानंतर आपल्याकडे साडेसात. नानांना साडेसातच बरं पडतं म्हणतात, तोवर चहा होतो.